मागच्या बाकाचं तोंड फिरलं तेव्हा: महिंद्रा थार, २०२०

२ ऑक्टोबर २०२० ला महिंद्रानं नव्या पिढीच्या थारच्या किमती जाहीर केल्या, तेव्हा यादीच्या तळाशी ९.८० लाखांचं एक व्हेरिएंट होतं. पेट्रोल इंजिन, न निघणारं कापडी छत आणि मागं समोरासमोर दोन बाकं, अशी एकूण सहा आसनं. काही आठवड्यांतच हे व्हेरिएंट यादीतून निघालं आणि थारची सुरुवात ११.९० लाखांपासून होऊ लागली. लोक बोलले ते किमतीबद्दल. मला मात्र सगळ्या पुनर्रचनेचं मर्म त्या वगळलेल्या व्हेरिएंटमध्ये दिसतं. मागच्या माणसांनी एकमेकांकडे तोंड करून बसायचं की रस्त्याकडे, हे एकदा ठरलं आणि त्यावरून बाकीचं पुष्कळसं ठरत गेलं: गाडी किती रुंद हवी, छत कसलं हवं, गिऱ्हाईक कोण, आणि चार वर्षांनी आणखी एक मोठी गाडी का काढावी लागली तेसुद्धा.

जुनी बैठक

या गाडीचं घराणं चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलिज जीपची जोडणी सुरू झाली तिथपासूनचं. मूळ लष्करी जीप आखूड, हलकी, उघडी. भारतात ती लांब झाली, मागं बाकं आली आणि ती कामाला लागली. वनखातं, पाटबंधारे, पोलीस, आणि खेड्यापाड्यातली प्रवासी वाहतूक. पश्चिम महाराष्ट्रात वडापनं शाळा-कॉलेज केलेल्यांना ही बैठक समजावून सांगायला नको. गुडघ्याला गुडघा, मधे बाजाराच्या पिशव्या, मागच्या फळीवर दोन-चार पोरं लोंबकळत.

या बैठकीमागं चोख हिशेब होता. मागच्या चाकांवरच्या पत्र्याच्या पेट्या गाडीच्या आत आलेल्या असतात. त्यांच्यावरच आडवं बाक टाकलं की एक इंचही वाया जात नाही, मधली जमीन सामानाला मोकळी राहते आणि मागच्या दारानं सगळे चढतात-उतरतात. ज्या काळात एका गाडीतून जास्तीत जास्त माणसं आणि माल न्यायचा होता, त्या काळाचं ते बरोबर उत्तर होतं.

२०१० साली आलेली पहिली थार याच साच्यातली. तिच्या सीआरडीई आवृत्तीत २.५ लिटरचं डिझेल इंजिन होतं, १०५ बीएचपी आणि २४७ न्यूटन मीटरचं. पुढं स्वतंत्र सस्पेन्शन, मागं जुने पाटे. एअरबॅग नव्हत्या. डॅशबोर्ड इतकं साधं की आजच्या गिऱ्हाइकाला ते अपुरं वाटावं. तरीही तरुणांनी ती हौसेनं घेतली. आणि घेतल्यावर पुष्कळांनी काय केलं? गॅरेजमध्ये नेऊन कापडी हूडाच्या जागी पक्कं छत बसवलं आणि मागची आडवी बाकं काढून समोर तोंड असलेली सीट टाकली. या गाडीची पहिली पुनर्रचना तिच्या मालकांनीच वेल्डिंगच्या दुकानांत केली होती. कंपनीच्या डिझाइन विभागाला यापेक्षा स्पष्ट मागणीपत्र कोण देणार होतं?

नियमांची कात्री

मागणी असली तरी गाडी नव्यानं बांधायला निमित्त लागतं, आणि ते सरकारी नियमांनी दिलं. एप्रिल २०१९ पासून जुन्या मॉडेलांनाही एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, वेगाची सूचना, सीटबेल्टची आठवण आणि मागचे पार्किंग सेन्सर आले. १ ऑक्टोबर २०१९ पासून समोरून आणि बाजूनं धडक देऊन घेतल्या जाणाऱ्या चाचण्या सगळ्या मॉडेलांना लागू झाल्या. वर १ एप्रिल २०२० ला बीएस ६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम. चाळीसच्या दशकातल्या जीपच्या वंशातलं, सपाट पत्र्याचं शरीर इतक्या चौकटींत बसवणं म्हणजे ते नव्यानंच बांधणं होतं.

जून २०१९ मध्ये ‘थार ७००’ या नावानं शेवटच्या सातशे गाड्या आल्या, आनंद महिंद्रांच्या सहीचा बिल्ला लावून. त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ थारची नवी पिढी आलेली नव्हती. १५ ऑगस्ट २०२० ला, ऐन महामारीत, नवी गाडी पडद्यावरून लोकांसमोर आली.

मिलिमीटरांची वाटणी

महिंद्राच्या डिझाइन विभागाचं नेतृत्व तेव्हा रामकृपा अनंतन करत होत्या. पिलानीच्या बिट्समधून मेकॅनिकल इंजिनिअरिंग, मग आयआयटी मुंबईच्या आयडीसीमधून डिझाइनचं शिक्षण, आणि नव्वदच्या दशकापासून महिंद्रात. एक्सयूव्ही ५०० सारखी गाडी त्यांच्याच चमूची. एखादी प्रिय वस्तू नव्यानं घडवताना सगळ्यात अवघड काम म्हणजे काय ठेवायचं ते ठरवणं. नव्या थारमध्ये हे काम किती काटेकोर झालंय, ते मोजमापांत दिसतं.

जुन्या सीआरडीईची लांबी ३९२० मिलिमीटर, नवीची ३९८५. चार मीटरची रेषा फक्त पंधरा मिलिमीटरवर ठेवून गाडी थांबली. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २४३० वरून २४५०. पूर्ण नव्या पिढीला जेमतेम वीस मिलिमीटर! रुंदी मात्र शंभर मिलिमीटरच्या आसपास वाढली आणि पक्क्या छताच्या गाडीची उंची सात-आठ सेंटिमीटरनं कमी झाली. गाडी लांबीत फारशी वाढली नाही, ती पसरली आणि बसकी झाली.

असं का, ते मागच्या सीटवरून पाहिलं की कळतं. सीटचं तोंड पुढं केलं की ती चाकांच्या पेट्यांच्या वर बसू शकत नाही, त्यांच्या मधे बसते. मधल्या जागेत दोनच माणसं मावतात, म्हणून नवी थार चार आसनी झाली. पूर्वी जिथं मागं चारजण रीतसर बसत आणि गावाकडे गरजेला त्याहून जास्त, तिथं आता दोघं. त्या दोघांच्या खांद्यांना जागा द्यायची तर गाडी रुंदच करावी लागते. रुंद आणि बुटक्या गाडीचा गुरुत्वमध्य चाकांच्या मानानं खाली येतो, त्यामुळे वळणावर ती कमी झुकते आणि उलटण्याचा धोकाही घटतो. महामार्गावर जुन्या थारमध्ये जीव मुठीत धरलेल्यांना हा फरक पहिल्याच प्रवासात जाणवला असेल.

व्हीलबेस मग का वाढवला नाही? कारण तो वाढला की गाडीचं पोट उंचवट्यावर टेकतं. कुठंही न टेकता उंचवटा पार करायचे नव्या थारचे कोन पुढून ४१.८ अंश, मागून ३६.८ आणि मधे पोटाखाली २७ अंश असे सांगितले गेले. जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर, पाण्यातून जायची क्षमता ६५० मिलिमीटर. आखूड व्हीलबेस सोडला असता तर पोटाखालचा कोन गेला असता, आणि त्याबरोबर या गाडीला खडकाळ वाटेवर नेणारा माणूसही. इथं रचनाकारांनी मागच्या प्रवाशापेक्षा दगड-धोंड्यांचं ऐकलं, आणि माझ्या मते ते योग्य केलं. पण त्याची किंमत पडली. २४५० मिलिमीटरमध्ये पुढची सीट, मागची सीट आणि मागच्यांसाठी बाजूचं वेगळं दार हे तिन्ही बसत नाहीत. दार गेलं.

सांगाड्याच्या बाबतीतही हीच वाटणी. शिडीसारखी चेसिस राहिली, मागचा सलग एक्सल राहिला, चारही चाकांना ताकद देणारा, हातानं टाकायचा फोर बाय फोर आणि अवघड चढाला सावकाश पण जास्त जोर देणाऱ्या लो रेंजचा दांडा राहिला. पाटे गेले, त्यांच्या जागी मागं मल्टिलिंक आणि कॉइल स्प्रिंग आल्या, पुढं डबल विशबोन. सलग एक्सल ठेवला म्हणून एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असतानाही दोन्ही जमिनीला धरून राहतात. पाटे काढले म्हणून रोजच्या रस्त्यावर मागच्यांची पाठ वाचली. इंजिनं दोन आली: २.२ लिटर डिझेल १३० बीएचपी, २ लिटर टर्बो पेट्रोल १५० बीएचपी. दोन्हींना ६ गिअरचा ऑटोमॅटिक पर्याय. थारमध्ये ऑटोमॅटिक हे त्या वेळी काही जुन्या शौकिनांना रुचलं नव्हतं, पण शहरात रोज चालवणाऱ्या माणसासाठी त्या एका पर्यायानं दार उघडलं.

आतल्या बाजूचे काही तपशील मला फार आवडतात. जमिनीला पाणी काढून टाकायची बुचं आहेत. चिखल झाला की आतून धुवायची आणि बूच काढायचं. टचस्क्रीन पावसाच्या शिंतोड्यांना तोंड देईल अशी. स्पीकर छताला, पाण्यापासून लांब. सह्याद्रीतल्या पावसाळ्याचा अनुभव असलेल्या माणसांनी हे ठरवलं असावं असं वाटतं. गाडी बनते ती नाशिकच्या कारखान्यात, म्हणजे कसारा घाटापासून फार दूर नाही.

चेहऱ्याची अडचण

चेहऱ्याविषयी माझं मत इतकं उदार नाही.

महिंद्राची ‘रॉक्सर’ ही जुन्या थारवर आधारलेली, फक्त रस्त्याबाहेर चालवायची गाडी २०१८ पासून अमेरिकेत मिशिगनमध्ये जोडली जात होती. जीपचे मालक असलेल्या फियाट क्रायस्लरनं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. जून २०२० मध्ये आयोगानं रॉक्सरनं जीपच्या ओळखीच्या रूपाचं उल्लंघन केल्याचा निर्णय दिला. बदललेल्या रॉक्सरला त्याच वर्षअखेरीस परवानगी मिळाली. दरम्यान ऑगस्टमध्ये नवी थार आली, तीही उभ्या फटींची जाळी, गोल दिवे आणि बाहेर आलेले मडगार्ड घेऊन. जुनी थार सत्तर वर्षांपूर्वीच्या जीपसारखी दिसे, त्यामागं परवान्याचा आणि वारशाचा इतिहास होता. नवी मात्र पक्कं छत, चौकोनी खिडक्या आणि मागच्या चौकोनी दिव्यांमुळे जीपच्याच आजच्या रँग्लर या गाडीच्या जवळ गेली. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात जीपनं न्यायालय गाठलं, तेव्हा महिंद्रानं ही आवृत्ती लगेच तिथं आणायचा विचार नसल्याचं सांगितलं आणि आणायची झालीच तर ९० दिवस आधी कळवण्याची तयारी दाखवली.

इतक्या बारकाईनं आतली वाटणी करणाऱ्या चमूला स्वतःचा चेहरा घडवता आला नसता असं मला वाटत नाही. भारतातल्या गिऱ्हाइकाला हाच चेहरा हवा होता, हे उघड आहे, आणि पहिल्या चार दिवसांत नऊ हजारांवर नोंदण्या झाल्या तेव्हा ते सिद्धही झालं. पहिली गाडी तर लिलावात १.११ कोटींना गेली, मदतकार्यासाठी. पण घरच्या बाजारासाठी बिनचूक ठरलेला निर्णय परदेशात आडवा आला, याची नोंद या प्रकरणात व्हायलाच हवी.

धडक आणि बाक

नोव्हेंबर २०२० मध्ये गाड्यांच्या धडक-चाचण्या घेऊन तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेचा निकाल आला. मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ४ तारे, १७ पैकी १२.५२ गुण. मुलांसाठीही ४ तारे, ४९ पैकी ४१.११. शिडीच्या चेसिसवरच्या, छत काढता येणाऱ्या गाडीच्या घराण्यासाठी हा निकाल मोठा होता.

मुलांच्या गुणांकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. मुलाची सीट घट्ट अडकवायला आयसोफिक्सचे हूक लागतात, आणि ते समोर तोंड असलेल्या सीटलाच अर्थपूर्ण असतात. आडव्या बाकावर बसलेलं माणूस समोरून धडक बसली की बाजूला फेकलं जातं. मानेला आणि कमरेला आधार नसतो, आणि साधा पट्टा त्याला वाचवू शकत नाही. समोर तोंड केलं की तीन बिंदूंचा पट्टा, डोक्यामागची उशी आणि गाडीच्या पुढच्या भागाचं चुरगळणं, हे सगळं त्याच्या बाजूनं काम करू लागतं. कापडी छताच्या गाडीत डोक्यावर पोलादी पिंजराही दिला. सुरुवातीची सहा आसनी आवृत्ती या सगळ्याच्या बाहेर राहत होती. तारे मिरवणाऱ्या मॉडेलाच्या नावाखाली ती विकत राहणं बरं दिसलं नसतं, आणि ती काढली हे चांगलंच झालं. कंपनीच्या हेतूविषयी कोणी काहीही म्हणो, परिणाम असा की आता नवी थार घेणाऱ्या कोणाचंही मूल आडव्या बाकावर बसत नाही.

त्याच ३९८५ मिलिमीटरमध्ये दुसरं उत्तर

ही वाटणी एवढीच शक्य होती का? तुलनेसाठी आयती गाडी आहे. जून २०२३ मध्ये मारुती सुझुकीनं पाच दारांची जिमनी आणली, १२.७४ लाखांपासून. तिचीही लांबी ३९८५ मिलिमीटर, मिलिमीटरला मिलिमीटर थारइतकीच. व्हीलबेस २५९०, रुंदी फक्त १६४५. सुझुकीनं त्याच लांबीत मागची दारं बसवली, वर २०८ लिटरची डिकीही दिली. त्यासाठी गाडी अरुंद ठेवली आणि बॉनेटखाली १.५ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन. कागदावर जिमनी मागच्या प्रवाशाशी जास्त प्रामाणिक आहे. भारतीय गिऱ्हाइकानं तरी थारच उचलली, मोठ्या फरकानं. रुंद बांध्याचा रुबाब, डिझेल, टर्बोचा जोर. मार्च २०२३ पर्यंत, म्हणजे अडीच वर्षांत, नाशिकहून एक लाख थार बाहेर पडल्या होत्या.

यातून एक गोष्ट मला नीट कळली: थार घेणारा माणूस मागच्या सीटची चौकशी करतो, पण तिच्यासाठी रुबाब सोडत नाही. तो घरी सांगतो की मागं दोघं बसतात. ते पुरतं.

दीड लिटरचं गणित

चार मीटरच्या आत थांबूनही २०२० च्या थारला कराची सवलत मिळाली नव्हती. सवलतीसाठी लांबीबरोबर इंजिनही लहान लागतं: पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. थारची दोन्ही इंजिनं त्याहून मोठी. पंधरा मिलिमीटर राखून ठेवल्याचा फायदा जानेवारी २०२३ मध्ये झाला. तेव्हा १.५ लिटर डिझेलची, ११७ बीएचपीची, फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी थार ९.९९ लाखांना आली. फोर बाय फोर नसलेली थार म्हणजे काय, असं म्हणणारे भेटले. पण रांगेत उभे राहिलेल्यांत असे पुष्कळ होते, ज्यांना लो रेंजचा दांडा आयुष्यात ओढायचा नव्हता. चेसिस एकच ठेवून दोन वेगळ्या माणसांना दोन गाड्या देता आल्या, हे मूळ आखणीचं यश.

मागच्यांचं म्हणणं

तक्रारी आल्या त्या जवळजवळ सगळ्या मागून. आत जायचं तर पुढची डावी सीट पाडावी लागते, साडीतल्या आईला आणि गुडघेदुखीच्या वडिलांना ते जमत नाही. पक्क्या छताच्या गाडीत मागच्या काचा उघडत नाहीत. एसीची झडप मागं नाही. सीट उभी असली की डिकीत एक सुटकेस कशीबशी. या खऱ्या अडचणी आहेत. बैठक फिरवताना मागच्या दोघांना सुरक्षितता मिळाली, पण सोय मिळाली नाही, कारण सोयीसाठी लागणारी जागा व्हीलबेसनं आधीच नाकारली होती.

याचं उत्तर महिंद्रानं १५ ऑगस्ट २०२४ च्या सुमारास दिलं, आणि ते वेगळी गाडी काढूनच देता आलं. थार रॉक्स: पाच दारं, ४४२८ मिलिमीटर लांबी, २८५० चा व्हीलबेस, १२.९९ लाखांपासून. २४५० च्या गाडीत चारशे मिलिमीटर घातल्यावर कुठं मागचं दार आणि तीन माणसांचं बाक बसलं. भारत एनकॅपमध्ये तिला ५ तारे मिळाले. ३ ऑक्टोबरला नोंदणी उघडली आणि पहिल्या तासात १.७६ लाखांवर नोंदण्या झाल्या. वेल्डिंगच्या दुकानात जुन्या थारची बाकं फिरवून घेणाऱ्यांची मागणी किती मोठी होती, त्याचा हा आकडा.

तीन दारांची थार तरीही चालू राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिची दुरुस्त आवृत्ती आली. काचांची बटणं मधून काढून दारांवर नेली, स्क्रीन मोठी झाली, आणि मागच्या दोघांना पाच वर्षांनी का होईना, एसीची झडप मिळाली.

तिची पुढची पिढी कशी असेल? माझ्या अंदाजानं व्हीलबेसला तेव्हाही हात लागणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतली लहान इंजिनाची गाडी १८ टक्क्यांत आणि मोठी ४० टक्क्यांत गेली, त्यामुळे पंधरा मिलिमीटरची ती राखीव जागा आता पूर्वीहून मोलाची आहे. मागं दार हवं असलेल्यासाठी रॉक्स शोरूममध्ये शेजारीच उभी असताना, लहान थारमध्ये दार बसवायला ती अरुंद करण्याचं काही कारण उरलेलं नाही. मागच्या काचा उघडत्या करणं मात्र याच लांबी-रुंदीत जमण्यासारखं आहे, आणि ते आधी व्हावं.